चिलापी धरून की चिलापी सोडून?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छातीठोकपणे म्हणतो. पण नेमकं कशात, असं बाहेरच्या पाहुण्यानं विचारलं की पंचाईत होते. मग कुणी कृषी विद्यापीठाचं नाव पुढं करतं, कुणी मे महिन्यातल्या उन्हाचं. मला मात्र याचं उत्तर सापडलंय आणि ते गोदावरीच्या काठावर सापडलंय. जर्मनीची आणि परभणीची खरी बरोबरी जर कशात असेल तर ती 'आता मासा राह्यला नाही' या भांडणात.

जर्मनीच्या उत्तरेला बाल्टिक समुद्र आहे. तिथं किनाऱ्यालगत सी-ट्राउट नावाचा मासा मिळतो. हा जन्मतो ओढ्यात, मोठा व्हायला समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात येतो. म्हणजे पुण्याला कंपनीत जाऊन लग्नापुरती गावी येणारी आमची पोरंच. त्याच्यासाठी जर्मन माणूस रबरी विजार घालून गोठवणाऱ्या पाण्यात कमरेइतका उभा राहतो आणि तासन् तास गळ फेकतो. त्या माशाला तिकडं 'हजार फेकींचा मासा' म्हणतात. हजारदा फेकून ज्याला मिळत नाही तो काठावर येऊन सांगतो की, मासे संपले. ज्याला मिळतो तो सांगतो की, मासे आहेत, तुला फेकता येत नाही. डेन्मार्कात हेच, स्वीडनमध्येही हेच.

आमच्याकडं समुद्र नाही. 2023 साली सरकारनं पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, पण परभणीकरांची आणि त्याची ओळख बर्फाच्या पेटीतली. जिवंत पापलेट समोर आला तर आम्ही त्याला ओळखणार नाही. आमच्याकडं गोदावरी आहे, जिला काठचे लोक नुसतं 'गंगा' म्हणतात. पूर्णा आहे, दुधना आहे. येलदरीचं धरण आहे, सेलूकडं निम्न दुधना आहे, गंगाखेडजवळ मासोळी आहे. धरणाचं नावच मासोळी असल्यावर माशांवरून भांडण होणार नाही तर कशावरून होणार? आणि भांडण ज्यांच्यावरून होतं ते मासे तीन: मरळ, वाम आणि शिंगाडा.

गोदावरी समुद्राला मिळते हे मात्र आमचे लोक विसरत नाहीत. गंगाखेडच्या घाटावर एका चाचांनी मला छातीवर हात ठेवून सांगितलं, "हमारे दादा के जमाने में समंदर की मच्छी यहाँ तक आती थी, मियाँ." येत असेलही. गोदावरीत समुद्रातून वर चढणारा मासा खरोखरच आहे. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात. बंगाल्यांचा हिलसा तो हाच. पावसाळ्यात नदीला लाल पाणी आलं की तो खाडीतून वर निघतो, आणि मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा अशी तिकडं म्हण आहे. पण आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1852 साली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला बंधारा पुरा केला आणि पुलशाची यात्रा जवळपास तिथंच आटोपली. आता तो समजा अतिउत्साही निघालाच, तर त्याला धवळेश्वरमनंतर मेडिगड्डा, येल्लमपल्ली, श्रीरामसागर, बाभळी आणि नांदेडचं विष्णुपुरी एवढं सगळं ओलांडून गंगाखेडला यायचंय. मधली अजून दोन-चार मी सोडून दिली. इतक्या दरवाजांतून सरकारी फाईलसुद्धा वर चढत नाही. मी हे चाचांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इसीलिए तो कम हुई ना मच्छी." वादात असा माणूस भेटला की चहा सांगावा, दुसरा इलाज नाही.

परभणीत मासे कमी झाले की नाही, हे ठरवायला बसलेली मंडळी साधारण चार प्रकारची असतात. पहिले निवृत्त गुरुजी. यांच्या मते माशांचा सुवर्णकाळ 1976 ला संपला, कारण त्या साली पैठणला जायकवाडी पुरं झालं. दुसरे एसटीतले कंडक्टर मामा. यांच्या मते जायकवाडीनंतरही बरीच वर्षं मासा भरपूर होता; गंगेवर ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे एकामागून एक बंधारे झाले तेव्हा तो गेला. तिसरा मोटारी भरणारा पोरगा, त्याचा सुवर्णकाळ म्हणजे 2020 चं लॉकडाऊन. "काय मासा लागायचा राव तवा! आता काहीच न्हाई." चौथे चाचा, ज्यांचा सुवर्णकाळ त्यांच्या आजोबांच्या काळातच संपला, त्यामुळं त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बारकाईनं पाहिलं तर ज्याचा त्याचा सुवर्णकाळ त्याच्या लग्नाच्या आसपास संपलेला दिसतो. पोरग्याचं लग्न 2021 ला झालं. मी यावर जास्त बोलत नाही, घरीही हे वाचलं जातं.

याला शास्त्रातही आधार आहे. लग्नाला नव्हे, सुवर्णकाळाला. डॅनिएल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं 1995 साली लिहून ठेवलंय की, मत्स्यशास्त्रज्ञांचीसुद्धा प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला जेवढा मासा पाहते तेवढाच 'भरपूर' समजते आणि घट तिथून मोजायला लागते. गुरुजींना जे उरलंसुरलं वाटायचं ते मामांना भरपूर वाटलं, आणि मामांचं उरलंसुरलं पोरग्याला. अशा रीतीनं मासा प्रत्येक वेळी 'नुकताच' कमी होतो.

आता पुराव्याकडं येऊ. आमच्याकडं पुरावा हाताचा असतो. म्हणजे दोन्ही हात पसरून दाखवायचा. गुरुजी हात पसरतात तेव्हा शेजारच्यानं चहाचा कप सरकवून घ्यावा लागतो. याउलट पोरग्याचा मासा मोबाइलमध्ये असतो, त्यामुळं तो जेवढा आहे तेवढाच दिसतो. फार तर हात कॅमेऱ्याकडं लांब करून थोडा वाढवता येतो. परभणी जिल्ह्यातली मरळ मोबाइलला कॅमेरा आला त्याच सुमाराला अचानक आखूड झाली, या योगायोगाचा अभ्यास व्हायला हवा.

असा अभ्यास अमेरिकेत झालाय, फक्त निकाल उलटा आला. फ्लोरिडात की वेस्ट नावाचं बेट आहे. तिथं हौशी लोक बोटीतून मासे धरायला जातात आणि आल्यावर धक्क्यावर मासे टांगून शेजारी उभं राहून फोटो काढतात. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधक बाईंनी 1956 पासूनचे असे जुने फोटो जमवले आणि फोटोतले मासे मोजले. पन्नासच्या दशकात टांगलेल्या माशाचं सरासरी वजन 19.9 किलो यायचं. 2007 ला ते आलं 2.3 किलो. आधीच्या फोटोत मासा माणसाएवढा, नंतरच्या फोटोत हातभर. पण शेजारच्या माणसाचं हसू तेवढंच रुंद. त्याला कल्पनाच नाही की आपण कशाशेजारी उभे आहोत. म्हणजे गुरुजींच्या हातांत थोडं तथ्य असावं. त्यांना मी हा अभ्यास सांगितला तेव्हा त्यांनी पुढच्या खेपेला हात आणखी वीतभर लांब केले.

जुनी मोजदाद म्हणावी तर तीही नेमकी आमच्याच वाट्याला आली नाही. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 च्या सुमाराला दख्खनमधल्या माशांची यादी केली. बऱ्याच माशांची गावातली नावंच त्यानं लॅटिनच्या जोडीला बसवली, त्यामुळं आजही एक मासा शास्त्रात 'लेबिओ पोटेल' म्हणून मिरवतो. पण साईक्सचं काम इंग्रजांच्या मुलखातलं आणि परभणी निजामाकडं. म्हणजे पुण्या-नगरकडच्या माशांना शास्त्रज्ञ मिळाला आणि आमच्या माशांना गुरुजी.

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट समजावून सांगायलाच हवी, नाहीतर या वादातलं त्याला काहीच कळणार नाही. इतर ठिकाणी पाणी वाढलं की मासा वाढतो. मराठवाड्यात पाणी आटलं की मासा वाढतो. दुष्काळाच्या साली धरण तळाला जातं, सगळे मासे उरलेल्या डबक्यात गोळा होतात आणि जो उतरेल त्याला घबाड लागतं. बाजारात मासा स्वस्त. तेव्हा लोक म्हणतात, "औंदा मासा लई हाय." पुढच्या साली चांगला पाऊस होतो, येलदरी भरतं, मासा पसरतो, दिवसभर बसून गळाच्या दोरीवरचा भेंडाचा तुकडासुद्धा हलत नाही. तेव्हा लोक म्हणतात, "संपला मासा." त्यामुळं आमच्याकडं माशांविषयी आनंदाचं बोलणं कानावर आलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पावसाचा अंदाज, पिकाचा अंदाज आणि माशांचा अंदाज हे तिन्ही परभणीत एकाच वेळी चांगले कधी नसतात.

आणि यानंतर मूळ प्रश्न येतो, ज्यावर आजवर कुणाचंही एकमत झालेलं नाही: मासा म्हणायचं कशाला?

कारण नदीत मासा आहे. भरपूर आहे. गळ टाकला की पाच मिनिटांत लागतो. पण तो चिलापी असतो. चिलापी म्हणजे तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला, भारतात 1952 ला आणला. कुठल्याही पाण्यात जगतो, काहीही खातो आणि पिलं वाढवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, म्हणजे पाणी आटो की गढूळ होवो, पोरं सुरक्षित. चिलापीला काटे कमी, शिजायला सोपा, चवीला बरा. पण त्याला 'मासा' धरायचं की नाही यावरून मी लोकांना उठून जाताना पाहिलंय. गुरुजींचं म्हणणं, "चिलापी काय मासा हाय? ते तर नुसतं लागतंय." जो न लागता दिवस घालवतो तो खरा मासा, अशी ही व्याख्या. बाल्टिकवाल्यांना ती ताबडतोब पटेल.

दुसरा वर्ग सरकारी माशांचा: कटला, रोहू आणि मृगळ. हे तिघंही उत्तरेतले, खऱ्या गंगेकडचे. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञानं माशाला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून हवी तेव्हा अंडी घालायला लावायची युक्ती यशस्वी केली. त्यामुळं मत्स्यबीज केंद्रात पिलं काढून ती देशभरच्या धरणांत सोडता यायला लागली. या पिलांना आधी मत्स्यजिरे म्हणतात, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. नावं इतकी गोड की मोठं झाल्यावर त्यांना कापवू नये. पण गुरुजींच्या हिशेबात ही 'सोडलेली' जात. कोंबडी, अंडी आणि बोरं यांच्याप्रमाणं मासाही गावरानच असावा लागतो. म्हणून गुरुजींच्या पिशवीत दोन किलोचा रोहू आणि पाच-सहा चिलापी असतात, पिशवीनं सायकलचं हँडल एका बाजूला कललेलं असतं, आणि गुरुजी सांगत असतात, "काही लागलं न्हाई बघा आज."

आता गावरान माशाचं काय झालं, हे विचारायचं तर काठावरच्या हौशी लोकांना विचारू नये. पाण्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं लावणाऱ्या भोयाला विचारावं. तो वादात भाग घेत नाही, त्याला वेळ नसतो. एकदा मी विचारलं तेव्हा त्यानं उत्तर म्हणून जाळं पुढं केलं. "हे आस बघा. माझ्या बापाच्या जाळ्यातनं तुमचा हात जायचा. माझ्यातनं दोन बोटं बी जात न्हाईत." आस म्हणजे जाळ्याचं भोक. मासा लहान होत गेला तसं भोक लहान होत गेलं, आणि भोक लहान झालं म्हणून मासा मोठा व्हायचा राहिला. इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर खरं तर वाद मिटायला हवा होता. पण भोई म्हणाला म्हणून वाद मिटला, असं आमच्याकडं कधी झालेलं नाही.

वामेचं दुःख वेगळं. लांबलचक, टोकदार नाकाचा हा मासा वाळूत तोंड खुपसून दडून राहतो. गोदावरीची वाळू रात्री टिप्परमध्ये बसून बांधकामाला गेली. आता वामेनं कुठं दडायचं? नव्या फ्लॅटच्या गिलाव्यात? गंमत म्हणजे वाम मिळत नाही म्हणून सर्वांत मोठ्यानं ओरडणाऱ्या एका सद्गृहस्थांचं दुमजली घर नुकतंच बांधून झालं. वास्तुशांतीला मी गेलो होतो. भिंती चांगल्या झाल्यात.

मरळीचं तर आणखीच अवघड. मरळ हवेत श्वास घेते, त्यामुळं थोड्या पाण्यात, चिखलात तग धरून राहते. आटत्या नद्यांच्या मराठवाड्यासाठी असा मासा देवानं मुद्दाम घडवला असावा. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर दम्यासाठी जिवंत मासळी गिळायला देतात, ते मरळीचंच पिलू. आमच्या भागातून किती तरी लोक दर जूनला रेल्वेनं तिकडं जातात. म्हणजे मरळ श्वास घेते ते आम्हीच जास्त मनावर घेतलं. तर ही मरळ पिलं घातल्यावर त्यांना सोडून जात नाही. तांबूस-केशरी पिलांचा थवा पाण्यावर बुडबुडत फिरतो आणि आई-बाप खालून राखण करतात. थव्याजवळ काही पडलं की अंगावर धावून येतात. आणि काठावरच्या प्रत्येक जाणकाराला हे माहीत असतं. पोरग्यानं त्यासाठी ऑनलाइन रबरी बेडूक मागवलाय. थवा दिसला की बेडूक त्याच्यावर टाकायचा, मरळ धावून येते, लागते. मग पिलांना चिलापी खातात. हा सगळा प्रकार मामांनी मला इतक्या बारकाईनं समजावून सांगितला की मी थक्क झालो. शेवटी गळ गुंडाळत ते म्हणाले, "पहिल्यावानी मरळ राह्यली न्हाई. काहून झालं काय म्हाईत."

वादात आणखी एक माणूस असतो, त्याला विसरून चालणार नाही. हे माळकरी आजोबा. तुळशीची माळ घातल्यापासून माशाला हात लावलेला नाही. पण नदीचा प्रत्येक डोह तोंडपाठ, कुठल्या डोहात किती हाताचा शिंगाडा होता तेही पाठ. काठावर बसून ते इतरांच्या गळांना मार्गदर्शन करतात. त्यांच्या मते मासे कमी झालेच नाहीत. "मी खायचं सोडलं, मंग कमी व्हतील कसे?"

जर्मनीत म्हणे गळ टाकायच्या आधी परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, त्यांचं शरीर, कायदे, सगळं पाठ करून पास झालं की मग परवाना. ठरलेल्या मापाहून लहान मासा परत सोडावा लागतो. आणि मापात बसणारा मासा नुसत्या मजेसाठी धरून सोडून देणं हेही तिकडच्या प्राणिरक्षण कायद्याला पटत नाही. धरलास तर खा. यातला शेवटचा नियम मात्र आम्ही कायदा नसतानाही पाळत आलोय. गुरुजींना परीक्षेची कल्पना फार आवडली. परीक्षा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. पोरग्यानं लगेच विचारलं, गाईड कुठलं वापरायचं.

परीक्षा राहिली, पण त्यातून नोंदवही निघाली. नुसत्या तोंडच्या वादाला काही अर्थ नाही, आकडे पाहिजेत, असं गुरुजींनी ठरवलं. घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर एक दोनशे पानी वही ठेवली. त्यात पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले: तारीख, नाव, ठिकाण, माशाची जात, वजन, शेरा. प्रत्येकानं जाताना लिहायचं. वर्षभरात समजेल, मासे कमी झाले की नाही.

पहिला अडथळा ठिकाणाच्या रकान्यात आला. मरळीची जागा कुणी बायकोलासुद्धा सांगत नाही, टपरीवर कोण लिहून ठेवील? मामांनी लिहिलं, 'गोदावरी नदी'. पोरग्यानं लिहिलं, 'परभणी जिल्हा'. चाचांनी विचारलं, 'हिंदुस्थान' लिहिलं तर चालेल का. दुसरा अडथळा वजनाचा: पोट साफ करून की न करता? तिसरा अडथळा म्हणजे तोच जुना. चिलापी धरून लिहायचं की चिलापी सोडून? त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि असं ठरलं की चिलापी शेऱ्यात लिहावा. मग कटल्याचं काय, असा मुद्दा निघाला. तोही शेऱ्यात गेला. तेवढ्यात कुणीतरी शंका काढली की, तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो, उद्या ही वही त्यांच्या हाती लागली आणि त्यांनी पैसे मागितले तर? सगळे गप्प झाले. त्या दिवसापासून जात आणि वजन या दोन्ही रकान्यांत सर्वांनी एकच शब्द लिहायला सुरुवात केली, जो गुरुजींनी आयुष्यभर शाळेच्या तक्त्यांत लिहिला होता: निरंक.

मी परवा ती वही चाळली. पानोपानी निरंक. मामा निरंक, पोरगा निरंक, चाचा निरंक, स्वतः गुरुजी निरंक. मी वाचत होतो तेव्हा चाचा आले, हातातली ठिबकणारी पिशवी बाकाखाली सरकवली, आजची तारीख घातली, निरंक लिहिलं आणि पेन गुरुजींकडं दिलं. गुरुजींनी खाली 'तपासले' असं लिहून सही केली आणि चाचांना हळूच विचारलं, "किती किलोची हाय?"